आधी मूठ, मग दळण

सातारा

चि. सोनू,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आजोबा लोकांच्या धान्यावर शिकले, हे कुणाला सांगायचा संकोच वाटतो. मी बँकेचं कर्ज काढलं, फेडलं. माझ्यावर कुणाचे उपकार नाहीत." तुझ्या स्वाभिमानाचा मला आनंद आहे. पण तुझं म्हणणं मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझे आजोबा, म्हणजे आमचे तात्या, माण तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून साताऱ्याला आले ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात. कर्मवीरांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं तिथं एका पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजी येऊन गेले आणि बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव मिळालं. सुरुवातीच्या ओढगस्तीत मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. तात्या आले तेव्हा त्या हयात नव्हत्या, पण ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाच्या कानावर घातली जाई.

आणि मुष्टिफंड, म्हणजे बोर्डिंगच्या मुलांसाठी घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं. माझ्या आईचं माहेर साताऱ्याचं. तिथं जात्याशेजारी एक गाडगं असे. माझी आजी पहाटे दळायला बसली की सुपातली मूठभर ज्वारी आधी गाडग्यात टाकायची, मग पहिला घास जात्यात. घरात टंचाई असली तरी क्रम तोच. उरलं तर द्यायचं, हा हिशेबच नव्हता. बोर्डिंगची पोरं पोतं घेऊन आली की गाडगं त्यांच्या पोत्यात रिकामं व्हायचं. पोरं कुणाची, कुठल्या जातीची, हे आजीनं कधी विचारलं नाही. आणि ती पोरं तरी आयतं कुठं खात होती? शेतात राबायची, दगडमाती वाहायची, भाकऱ्या स्वतः थापायची. तात्यांच्या हाताचे घट्टे मी पाहिले आहेत. तू ज्याला मिंधेपण समजतेस, ते त्यांच्या वागण्यात मला कधीच दिसलं नाही.

आता त्या काळाचं दुसरं अंगही सांगते, कारण माझ्या वयाची माणसं ते गाळून जुन्याचे गोडवे गातात आणि मला त्याचा राग येतो. दुसऱ्यांच्या पोरांसाठी रोज मूठ काढणाऱ्या त्याच घरात माझ्या आईला, तुझ्या आजीला, चौथीनंतर शाळेतून काढलं. अक्षर मोत्यासारखं होतं तिचं. पण तिला बसवलं चुलीपाशी. ज्वारीची मूठ बाजूला काढणाऱ्या बायकांना आपल्या लेकीचं शिक्षण मागता आलं नाही, आणि पुरुषांना ते सुचलं नाही. हा त्या पिढीवरचा डाग आहे आणि तो पुसायचा प्रयत्न कुणी करू नये. तू इंजिनिअर झालीस, तुझं लग्न तुझ्या इच्छेनं ठरलं, यात तुझा काळ त्या काळापेक्षा शंभर पटींनी चांगला आहे. २०२४ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. ती मूठ आता आपल्या सगळ्यांच्या करातून निघते. हे आजीला कळलं असतं तर तिनं देवापुढं साखर ठेवली असती.

मग हरवलं काय? माझ्या मते ती पंगत हरवली. आज मदत भरपूर होते, मोबाइलवर क्षणात पैसे जातात. पण ज्याला देतो त्याचं तोंड आपण पाहत नाही, आणि पाहिलंच तर आधी तो कोणत्या समाजाचा ते विचारतो. आपापल्या समाजाचं वसतिगृह, आपापल्या समाजाचा गुणगौरव, आपापल्या समाजाचे ग्रुप. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यानं ओलांडलेली रेघ आपण पुन्हा गिरवतो आहोत. याचं मला फार वाईट वाटतं, आणि यात तुझ्याइतकीच माझीही पिढी सामील आहे.

तू कर्ज फेडलंस, बँकेचा आणि तुझा हिशेब मिटला. आजीच्या ज्वारीचा हिशेब तात्यांना फेडता येण्यासारखा नव्हता, म्हणून नोकरीत असेपर्यंत एक ना एक परका मुलगा आमच्या घरी शिकायला असे. तुझे बाबा आणि मी त्या मुलांबरोबर वाढलो. त्यांतला एक आजही मला दिवाळीला फोन करतो.

तुझ्याकडं कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी यंदा बारावीला आहे ना? पगार झाला की घराचा हप्ता जायच्या आधी तिच्या क्लासची फी बाजूला काढ. आणि रविवारी तासभर तिला घरी बोलावून गणित शिकव, मग तुझ्याच टेबलावर तिला जेवायला बसव. एवढं माझं ऐक.

बाबांना आणि जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी,
आत्या