एक सल्ला मागे घेताना

‘सायकल कुठलीही चालते, चालवणारा पाहिजे.’

हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं लोकांना ऐकवत आले. शिक्षकखोलीत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात. कुणी ‘सायकल घ्यायचा विचार आहे’ एवढं म्हणायचा अवकाश, की माझी टेप सुरू. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून खडकीला रोज जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, बत्तीस वर्षं, वीस किलोच्या काळ्या हर्क्युलिसवर. ना गिअर, ना डिस्क ब्रेक. त्यांना कुणी फ्रेमचा साइज विचारला होता का? मग तुम्हाला कशाला हवेत हे लाड?

पुण्यात काटकसरीच्या गोष्टीला हमखास दाद मिळते. मलाही मिळायची. समोरचा माणूस जरा ओशाळून स्वस्तातली सायकल घ्यायचा, आणि मी कुणाचे तरी पैसे वाचवल्याच्या समाधानात घरी यायचे. पुढे त्या सायकलीचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

माझी धाकटी नणंद कोथरूडला राहते. 2019च्या ऑक्टोबरात ती गोव्याला गेली होती. गोव्यातली पहिली आयर्नमन 70.3 त्याच वेळी मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर धावणं. तिथे तिने आपल्याच वयाच्या, आपल्यासारख्याच अंगाच्या बायका पाण्यातून धावत येऊन सायकलीवर बसताना पाहिल्या आणि ते चित्र तिच्या डोक्यातून गेलं नाही. पोहणं तिला येत होतं, लहानपणी टिळक तलावावर शिकलेली. पुढे साखर काठावर आली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा 2022 साली ती माझ्याकडे आली. बत्तीस हजारांची एक हायब्रिड सायकल पाहून ठेवली होती. ‘वहिनी, आधी तब्येतीसाठी. जमलं तर पुढे एखादी छोटी ट्रायथलॉन.’

मी तिला वडिलांची गोष्ट सांगितली. मग तिच्याबरोबर दुकानात गेले आणि साडेअकरा हजारांची सायकल घ्यायला लावली. जाड नक्षीदार टायर, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. ‘बघ, एवढ्या पैशात किती काय काय मिळतंय! उरलेल्यात मुलीची फी भर,’ असंही म्हणाले.

दोन वर्षांनी भाऊबीजेला आम्ही तिच्याकडे गेलो. हात पुसायला टॉवेल हवा होता, म्हणून गॅलरीत गेले. टॉवेल सायकलीच्या हँडलवर वाळत होता. नळीवर परकर, सीटवर पायपुसणं. मी काही विचारायच्या आत तीच हसून म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही बरोबरच सांगितलं होतंत. चालवणारी पाहिजे. माझ्यातच दम नाही.’

तिने सायकलीला नावं ठेवली असती, मला ठेवली असती, तर मी वाद घातला असता. तिने स्वतःलाच नावं ठेवली, आणि माझ्याच वाक्याने. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी ती सायकल खाली काढली. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या जिन्यातच माझा हात भरून आला. पुढे एका मिस्त्रींच्या काट्यावर तिचं वजन साडेसतरा किलो भरलं. हवा भरली आणि खडकवासल्यापर्यंत चालवत नेली. सपाट डांबरी रस्त्यावर टायर घूं घूं करत होते, चिखलातून बैलगाडी ओढावी तसं वाटत होतं. चढावर जोर लावला की पुढचा शॉकअप खाली-वर व्हायचा. माझ्या पायातली ताकद चाकाकडे जायच्या ऐवजी त्या स्प्रिंगमध्ये जिरत होती. चौपाटीवर कणीस खाताना मनाशी कबूल केलं: दम नणंदेत नाही असं नाही. या सायकलीवर कुणाचाही दम लवकर संपेल.

मी गणित शिकवते. पण ही सायकल घेताना मी एकही आकडा तपासला नव्हता. तो उद्योग आता केला.

आधी ते एकवीस गिअर. पुढे 48, 38 आणि 28 दात्यांच्या तीन चकत्या, मागे 14 पासून 28 दात्यांपर्यंत सात. तीन साते एकवीस, जाहिरात खोटी नाही. पण पुढची 28 आणि मागची 14 घेतली तर गुणोत्तर 2. पुढची 48 आणि मागची 24 घेतली तरी 2. बाकीचेही बरेच एकमेकांच्या इतके जवळ, की पायाला फरक कळत नाही. सातवीतल्या मुलाला हे दोन मिनिटांत कळलं असतं. मला दोन वर्षं लागली.

मग टेप घेतला. नणंदेची उंची 154 सेंटिमीटर. अनवाणी, भिंतीला टेकून उभी केली आणि पायाची आतली बाजू मोजली: 70 सेंटिमीटर. सायकलवाल्यांमध्ये एक जुना आडाखा आहे, ग्रेग लेमाँड या शर्यतपटूच्या नावाने ओळखला जातो. ही लांबी 0.883ने गुणायची, पायडलं ज्याच्यावर फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढं अंतर हवं. म्हणजे 61.8. तिचं सीट होतं 52वर. दुकानातल्या मुलाने ‘पाय जमिनीला टेकले की भीती वाटत नाही’ म्हणून ते खाली दाबून दिलं होतं, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवली होती. सीट दहा सेंटिमीटर खाली, म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघा छातीकडे दुमडून वर जोर. दर रविवारी तिचे गुडघे का धरायचे, ते कळलं.

सीट वर केलं. गुडघे सुटले, पण आता हँडल लांब पडलं आणि खांदे भरायला लागले. फ्रेमच मोठी होती. दुकानात शिल्लक होती ती एकच होती, म्हणून तीच दिली गेली. सीट खाली केलं तर गुडघे, वर केलं तर खांदे. चपलेचं माप चुकलं तर आपण चप्पल बदलतो. इथे मी पाय बदलायला सांगत होते.

राहता राहिली वडिलांची सायकल. ती अजून वाड्यात आहे. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा पाया तीच, म्हणून तिलाही टेप लावला. रोडस्टरच्या अठ्ठावीस इंची रिमचा व्यास 635 मिलिमीटर. आजच्या हायब्रिड आणि रोड बाइकच्या रिमचा 622. फरक फक्त 13 मिलिमीटरचा! शॉकअप नाही. टायर मध्यम रुंदीचे, जवळजवळ गुळगुळीत, टणक हवा भरलेले. सीटची उंची वडिलांच्या पायाला तंतोतंत. गिअर नव्हते आणि वजन जास्त होतं, हे खरं. पण मी नणंदेच्या गळ्यात मारलेल्या सायकलीपेक्षा ती नणंदेने पाहून ठेवलेल्या हायब्रिडच्या जास्त जवळची होती. इतकी वर्षं जिची गोष्ट सांगत होते, ती सायकल मी नीट पाहिलीच नव्हती.

उरलेली हवा आईने काढली. मी तिला म्हणाले, ‘निदान बाबांची सायकल स्वस्तातली तरी होती.’ आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘स्वस्तातली? ह्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं होतं तिच्यासाठी. दीड महिन्याचा पगार गेला. आणि दर दिवाळीला छर्रे, ग्रीस, चाकाचा आउट, सगळं मिस्त्रीकडून करून घ्यायचे. कपड्याला नसतील, पण सायकलीला पैसे असायचे.’

वडिलांच्या ज्या गोष्टीला मी काटकसर म्हणत होते, ती काटकसर नव्हतीच. त्यांनी ऐपतीत बसेल ती सगळ्यात चांगली, आपल्या मापाची वस्तू घेतली आणि ती सांभाळली. गोष्टीतली काटकसर माझी होती, आणि ती मी दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर करत होते.

ट्रायथलॉनचा हिशेब तर आणखी सोपा होता. छोट्या प्रचलित प्रकारात, स्प्रिंटमध्ये, 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं असतं. एकूण अंतरातला 78 टक्के भाग सायकलीचा. पूर्ण आयर्नमनमध्ये 180 किलोमीटर सायकल, म्हणजे 80 टक्के. ज्या खेळाचा तीन चतुर्थांशाहून जास्त रस्ता सायकलीवर बसून कापायचा, त्याची तयारी करणारीला मी ‘सायकल कुठलीही चालते’ म्हणाले होते. त्यातही सायकलीवरून उतरून पुढे धावायचं असतं. पाय तिथेच संपवून चालत नाही.

आम्ही पुन्हा खरेदीला निघालो. पहिल्या दुकानात मला उलटा अनुभव आला. ट्रायथलॉन हा शब्द ऐकल्याबरोबर विक्रेत्याने कार्बनची, कोपर टेकून झोपायच्या हँडलची, एक लाख साठ हजारांची सायकल पुढे केली. त्या हँडलाचा इतिहास मला ठाऊक आहे. ते ट्रायथलॉनमधूनच आलं. 1989च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी लेमाँडने ते वापरलं आणि अख्खी शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा वाकून बसण्यात अर्थ आहेच. पण आठ सेकंदांची चिंता लेमाँडला. आम्हाला अजून कर्वे रस्त्यावर एका हाताने वळणाची खूण करता येत नव्हती. माझं जुनं मत मी सगळं टाकलेलं नाही. नवशिक्याने लाखभर रुपये घालवू नयेत, हे मी अजूनही म्हणेन.

शेवटी पेठेतले एक म्हातारे मिस्त्री कामाला आले. हिंजवडीतल्या एका मुलीने दोन वर्षांत जेमतेम तीनशे किलोमीटर चालवलेली हायब्रिड त्यांनी शोधून दिली. छोटी फ्रेम, सरळ हँडल, पुढे साधा कडक फोर्क, 32 मिलिमीटरचे टायर, पुढे दोन आणि मागे आठ गिअर, वजन सव्वाबारा किलो. रोड बाइकचं वाकडं हँडल का नको, तर रहदारीत नव्या माणसाचा हात ब्रेकवर पटकन गेला पाहिजे. स्प्रिंटला हायब्रिड चालते. नणंदेला तिच्यावर बसवून मिस्त्रींनी टाच पायडलवर ठेवायला लावली, पायडल सगळ्यात खाली आणलं. पाय सरळ झाला. ‘आता चवड्याने मारा. गुडघा जरासाच वाकेल. तेवढाच वाकायला पाहिजे.’ माझं 0.883 आणि त्यांची टाच, दोघांचं उत्तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आलं.

सायकलीचे एकोणीस हजार. केबल, चेन, सीट, आउट मिळून अठराशे. हेल्मेट, हवेचा पंप, दिवे, जादाची ट्यूब आणि पंक्चरचं सामान, गादीची चड्डी मिळून सहा हजार. एकूण 26,800. त्यात माझ्या सल्ल्याचे 11,500 मिळवले की 38,300. तिने पाहिलेली बत्तीस हजारांची हायब्रिड आणि हेच सहा हजारांचं सामान तेव्हाच घेतलं असतं, तर 38,000. म्हणजे माझ्या काटकसरीने तिचे तीनशे रुपये जास्त गेले, आणि दोन वर्षं गेली.

जुनी सायकल वॉचमनच्या मुलाला दिली. तो पावणेसहा फूट आहे. त्याला ती मापात बसते, आणि तो मजेत चालवतो.

गेल्या हिवाळ्यात नणंदेने एक स्प्रिंट ट्रायथलॉन पुरी केली. सायकल हुकावरून काढायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लावलेला असावा लागतो, नाहीतर दंड. ती घाईत विसरेल या धास्तीने मी कठड्याबाहेरून ‘पट्टा, पट्टा’ ओरडत होते. वीस किलोमीटर तिने 58 मिनिटांत काढले. नंबर खालून सातवा आला. गुडघे दुखले नाहीत.

तिच्याखेरीज आणखी किमान चौघांना मी तोच सल्ला दिला होता. दोघांच्या सायकली गॅलरीत आहेत, एकाची गावी गेली, एकीने फोन उचलल्यावर विषयच बदलला. त्यांची मी माफी मागते. तुमच्यात दम नव्हता असं नाही. आणि तुम्ही पहिली सायकल घ्यायला निघाला असाल, तर पैसे मोजण्याआधी एकदा पाय मोजा. टेप नसेल तर माझा आहे. मी बरोबर येते, आणि यावेळी दुकानात गोष्ट सांगणार नाही.