देवणीचे दूध आणि गोऱ्हा

व्हीगन जीवनपद्धती मांसापाशी थांबत नाही. दूध, तूप, मध, चामडेही नाकारते. डोनाल्ड वॉटसन आणि सहकाऱ्यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये तिची संस्था स्थापन केली. तिचा दुधावरचा आक्षेप साधा आहे: गायीला पान्हा फुटतो तो वासरासाठी. गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, दूध देत नाही; पण लातूरकडची देवणी, नांदेडकडची लाल कंधारी या जातींचे बैल औताला नावाजलेले. त्यामुळे गोऱ्ह्यालाही मोल होते. माळेगावच्या खंडोबा यात्रेत या बैलांचा बाजार भरतो. ट्रॅक्टरने ते मोल घटवले. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. नको असलेला गोऱ्हा पोसायचा कोणी, हे मात्र अनुत्तरितच. माळकरी घरात, जिथे मांस वर्ज्य आणि दूध सात्त्विक, दुधाविरुद्धचा हा युक्तिवाद सर्वाधिक टोचतो. ज्याचे पर्यायी दूध होऊ शकते, त्या सोयाबीनचे लातूरच्या आडतीत ढीग लागतात. तरी चहात दूध गायी-म्हशीचेच.