मूठ काढलेली तलवार

मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याकडे टोकियोला गेलो होतो. उएनो भागातलं राष्ट्रीय संग्रहालय १८७२ सालचं. "मामू, सामुराईंच्या तलवारी शेवटी बघू," असं म्हणत त्याने मला आधी पुरातत्त्व विभागात नेलं.

तिथे जोमोन काळातली हजारो वर्षांपूर्वीची मातीची भांडी होती. ओल्या मातीवर दोर दाबून काढलेली नक्षी. त्या दोराच्या खुणांवरूनच त्या काळाला जोमोन हे नाव पडलं. पुढे 'हानिवा', म्हणजे राजे-सरदारांच्या थडग्यांच्या टेकाडांवर उभे करायचे मातीचे पुतळे. त्यांत चिलखत घातलेले योद्धेही असतात.

मुख्य इमारतीत सामुराईंची चिलखतं पाहिली. छोट्या छोट्या पट्ट्या रंगीत रेशमी दोऱ्यांनी गुंफलेल्या. मग तलवारी आल्या आणि मी थबकलो. मूठ नाही, म्यान नाही, नुसतं पातं. मुठीत जाणारा भाग उघडा, गंजून काळपट झालेला. हा गंज मुद्दाम काढत नाहीत, कारण त्यावरून तलवारीचं वय ओळखता येतं. कारागीर आपलं नाव कोरतो तेही इथेच, मुठीच्या आत. म्हणजे तलवार ज्याच्या हातात, त्याच्या मुठीखाली ती घडवणाऱ्याचं नाव झाकलेलं!

१८७६ साली सरकारी हुकूम निघाला आणि सामुराईंच्या कमरेच्या तलवारी गेल्या. कित्येक लोहार सुऱ्या, कात्र्या घडवू लागले. तिथे तलवार घडवणारा वेगळा आणि तिला भरड दगडापासून बारीक दगडापर्यंत घासून पाणी देणारा वेगळा. भाचा हे सांगत होता आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "शिकलगार!"

माझ्या वर्गात दरवर्षी एक-दोन शिकलगार असतात. मूळ शब्द सैकलगर. सैकल म्हणजे घासून लखलखीत करणं. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मराठीत इतका मुरला की आडनाव होऊन बसला. आपल्याकडे मुसलमान शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार लावत आले. तलवारी गेल्या, मग चाकू, कात्र्या, विळे आले. सायकलवर दगडाचं चाक बसवून गल्लोगल्ली हिंडणारे तुम्हीही पाहिले असतील.

इतिहासाच्या तासाला तलवार निघाली की मुलं विचारतात, "सर, ही आपली की त्यांची?" वर्गात दोन्हीकडची मुलं बसलेली असतात. एखादं पोर तेवढ्यात मान खाली घालतं. ते मला दिसतं.

तलवार चालवणाऱ्यांची नावं पुस्तकात आहेत, आणि ती शिकवावीच लागतात. पण तिला धार लावणाऱ्याने पातं हातात घेताना मालकाचा धर्म विचारला नसेल. त्याने लोखंड पाहिलं, दगड ओला केला आणि कामाला लागला. यंदा मी हेही शिकवणार आहे. हजेरीपटात त्याचं आडनाव आहेच.