चि. अनघास, चाकू कोरण्याविषयी

पुणे

प्रिय अनघा,


तुझं पत्र मिळालं, चाकूचे फोटोही पाहिले. वस्तू सुरेख निवडली आहेस. पात्यावर सोलिंगनचं नाव आहे म्हणजे पोलादाची काळजी नको. ते नाव कुणीही उठून वापरू नये म्हणून जर्मनीत 1938 पासून कायदा आहे. वसंतरावांच्या साठीला त्यांचं नाव देवनागरीत, सोबत थोडी वेलबुट्टी, आणि तीही तू स्वतःच्या हातानं कोरलेली, ही कल्पना मला मनापासून आवडली. तुझ्याकडच्या कारागिरानं तुला सांगितलं की हे पातं नवशिक्याचं काम नाही, आधी वर्षभर तांब्यावर हात बसव. त्याचं म्हणणं रास्त आहे, बहुतेक शिकवणारे हेच सांगतील. तरीही मी म्हणतो, चाकूवरच शीक. का, ते जरा सविस्तर लिहितो.

लोखंड-पोलादावर नक्षी करणाऱ्यांनी जगभर बहुधा एकच वाट धरली आहे. धातू मऊ असताना कोरायचा आणि मग त्याला पाणी द्यायचं. इटलीत गार्डोनेला किंवा बेल्जियममध्ये लिएजला शिकारी बंदुकांवर जे अप्रतिम काम होतं, त्यातही खटक्याभोवतीच्या भागावर आधी वेल चढतो आणि मग तो भाग भट्टीत जातो. अमेरिकेच्या जेकब पर्किन्सनं नोटा आणि तिकिटं छापण्यासाठी हीच युक्ती वापरली. पोलादी पट्टी नरम करून कोरायची, कडक करायची, मग तिच्यावरून प्रचंड दाबाखाली मऊ पोलादाचा रूळ फिरवून नक्षी त्याच्यावर उचलायची. 1840 चं जगातलं पहिलं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, त्याच्याच पेढीत या रीतीनं छापलं गेलं. चित्रकार ड्यूररचंच बघ. सोनाराच्या घरात वाढलेला, ग्रेव्हर म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार हातात घेऊनच मोठा झालेला माणूस. त्यानं 1513-14 च्या आपल्या अमर रेषा तांब्यावर कोरल्या. त्यानंतर लोखंडी पत्र्याकडे वळला तेव्हा ग्रेव्हर बाजूला ठेवून आम्ल वापरलं, आणि तशी चित्रंही सहाच केली.

तुझं पातं मात्र पाणी पिऊन तयार होऊन आलेलं आहे. त्याला पुन्हा मऊ करायचा विचार डोक्यातून काढून टाक; तापवलंस की पातं कामातून गेलं, मग त्याला धार टिकणार नाही.

आमच्या टूलरूममध्ये कडकपणा मोजायचं रॉकवेलचं यंत्र होतं. 120 अंशांचा हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भारानं धातूत दाबायचा आणि किती खोल रुतला ते पाहायचं. खिशातल्या चांगल्या चाकूचं पातं या मापावर साधारण 55 ते 60 भरतं. हायस्पीड स्टीलचा ग्रेव्हर 62 ते 65. कापणारा आणि कापला जाणारा यांच्यात एवढंच अंतर. म्हणून तुझ्या पात्यासाठी टंगस्टन कार्बाइडचा ग्रेव्हर लागेल. तो कितीतरी अधिक कडक, पण ठिसूळ. त्याला वाकणं माहीत नाही, चुकीच्या कोनात दाब आला की टोकाचा टवका उडतो.

आणि नेमक्या याच कारणासाठी मी तुला चाकू सोडू नकोस म्हणतो. तांबं मऊ असतं. टोक बोथट असलं तरी जोर लावून रेष निघते, आणि जोर लावायची ती सवय पुढे जाता जात नाही. टूलरूममध्ये डाय कोरायला आलेली कितीतरी मुलं मी पाहिली. ज्यांची सुरुवात कडक पोलादावर झाली, ती सहाणेशी आधी दोस्ती करत. कडक पोलाद लबाडी चालू देत नाही. टोक बरोबर असेल तर कापतं, नसेल तर ग्रेव्हर सरळ घसरतो आणि तुला तत्क्षणी कळतं. नक्षीकामातलं अर्धंअधिक कौशल्य टोक पाजळण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता टोकाविषयी, आणि हा भाग दोनदा वाच.

ग्रेव्हरच्या खालच्या दोन बाजू मिळून जो व्ही होतो, तो तांब्याला 90 अंशांचा चालतो. तुझ्यासाठी 120 चा कर. कागदावर हिशोब मांडून बघ. 90 च्या टोकानं रेष खोलीच्या दुप्पट रुंद होते, 120 च्या टोकानं जवळजवळ साडेतीन पट. म्हणजे 0.35 मिलिमीटर रुंद रेष हवी असेल तर पहिल्याला 0.175 मिलिमीटर खोल शिरावं लागतं, दुसऱ्याला 0.1 पुरतं. डोळ्याला रेष तेवढीच दिसते, पण पोलाद निम्म्याहून जरासंच जास्त काढावं लागतं, आणि टोकाच्या मागे धातूची भर जास्त राहते. त्याच कारणासाठी समोरचा उतार नेहमीच्या 45 ऐवजी 50 ते 55 अंशांचा ठेव.

खाली टोकाशी दोन अगदी लहान पैलू पाडायचे, त्याला आम्ही टाच म्हणतो. टाच 15 ते 20 अंशांची. ती नसेल तर ग्रेव्हर धातूत खाली खाली शिरत जातो आणि शेवटी अडकून मोडतो. ती असली की हत्यार वर उचललेलं राहतं, हात पात्यावर टेकत नाही. पण टाच लांब ठेवलीस तर वळणावर तिचा मागचा कोपरा रेषेची बाहेरची कड खरवडतो, आणि वेलीची गोलाई फाटल्यासारखी दिसते. तीन-चार दशांश मिलिमीटर लांबी पुरे. हे पैलू नुसत्या डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत, भिंगाखालीच पाहावे लागतील.

कार्बाइड साध्या दगडाला दाद देत नाही. हिऱ्याची पट्टी लागेल, 600 ची आकार द्यायला, 1200 ची साफ करायला, आणि शेवटी सिरॅमिकच्या चकतीवर हिऱ्याची बारीक पेस्ट लावून आरशासारखी चकाकी आणायला. ही चकाकी शोभेसाठी नाही. टोकावर जे ओरखडे असतील ते रेषेच्या भिंतींवर उमटतात, आणि रेष झळकण्याऐवजी करडी दिसते. कोन हातानं धरू नकोस, कोन धरायचे साचे मिळतात, ते वापर. घासताना पट्टी पाण्यानं ओली ठेव, कार्बाइडची धूळ छातीत जाणं वाईट.

पाजळून झालं की टोक दिव्याखाली धरून भिंगातून बघ. धारेवर कुठेही चकाकता ठिपका दिसता कामा नये. शाबूत टोक उजेड परतवत नाही, तुटलेलं परतवतं. दुसरी परीक्षा नखाची. ग्रेव्हर आडवा धरून अंगठ्याच्या नखावर अलगद टेकव. चिकटला तर कामाला घे, सरकला तर पुन्हा सहाणेवर.

काम करताना एक खूण सांभाळ. जोर वाढवावासा वाटला की थांबायचं. पोलाद अचानक कडक झालेलं नसतं, टोक गेलेलं असतं. टवका उडाला तर तो रेषेतच रुतून बसतो, आणि त्याच दिशेनं पुढे गेलीस तर नवं टोकही त्यावर आपटून फुटेल. तिथे रेष उलट्या बाजूनं धरून ये आणि तो कण बाहेर काढ. रेषेच्या शेवटी कीस उडवून टाकायला मनगटाला झटका देऊ नकोस. तांब्यात तो झटका चालतो, पोलादात टोक घेऊन जातो. मूठ हळूहळू खाली आण, टोक आपोआप वर येईल, रेष निमुळती होत संपेल आणि कीस पडेल.

फ्लॅटमध्ये कॉम्प्रेसर ठेवायची सोय नाही म्हणतेस. काही अडत नाही. कॅन्ससमधल्या एम्पोरियाच्या जीआरएस कंपनीनं हवेवर चालणारी उत्तम यंत्रं आणली आणि आज जगभर ती वापरतात, पण युरोपातले बंदुकांचे कारागीर पिढ्यान्पिढ्या लहान हातोडी आणि छिन्नीवरच काम करत आले. नुसत्या तळहाताच्या जोरानं हे पातं कापणार नाही, हातोडी घे. घाव हलके, एकसारखे आणि भराभर. वळणावर हत्यार फिरवायचं नाही, काम फिरवायचं. त्यासाठी गोलावर फिरणारा व्हाइस लागतो. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचव, त्यात नको.

तुझ्या फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली. मुठीच्या टोकांच्या टोप्या जर्मन सिल्व्हरच्या वाटतात, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. पाठीची स्प्रिंग पोलादाची, पण पात्याहून नरम, कारण तिला लवायचं असतं. आणि मग पातं. एकाच चाकूत तीन इयत्ता आहेत. आधी टोप्यांवर वेल घाल, पण पात्यासाठी पाजळतेस तितक्याच काटेकोर टोकानं. मग स्प्रिंगच्या पाठीवर, आणि तिथे फक्त लांबीच्या दिशेनं. आडवी व्ही-खाच म्हणजे ताण एकवटायची जागा. हजार वेळा लवणारी पट्टी अशाच खाचेतून तडकते. पात्यावरही धारेच्या जवळ जाऊ नकोस, नाव पाठीकडच्या जाड भागावर घे.

नावाविषयी. देवनागरी धातूवर कोरणं आपल्याकडे जुनं आहे. ताम्रपट तर आहेतच, मिरजेला 1805 मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरं कोरून गीता छापली होती. घरातलं तुझ्या आजीच्या नावाचं पातेलं आठव. भांड्याच्या दुकानाबाहेर बसलेला माणूस छिन्नी-हातोडीनं ते नाव घाली. पितळेवर तो अक्षर एका दमात वळवू शकत असे. तुला तसं करता येणार नाही. ‘वसंत’मधल्या व चं पोट एका ओढीत गोल करू नकोस, उभ्या कान्याला पोट वर जिथे मिळतं तिथून एक कमान, खाली जिथे मिळतं तिथून दुसरी, आणि दोन्ही डावीकडे जिथे भेटतील तिथे दोघींची रेष बारीक होऊ दे. त चं शेपूट शेवटाकडे निमुळतं ने. अनुस्वार म्हणजे टोचा मारणं नव्हे, टोक तिथेच मोडेल. ग्रेव्हर टेकवून व्हाइस सावकाश पूर्ण फिरव. शिरोरेषा सर्वांत शेवटी, एका सलग ओढीत. पात्यावर आधी पांढऱ्या पोस्टर कलरचा पातळ हात दे, वाळला की त्यावर पेन्सिलीनं अक्षरं काढ, नाहीतर चकाकीत काहीच दिसत नाही. आणि पूर्ण नाव आधी एखाद्या टाकाऊ कडक सुरीवर कोरून बघ.

जमेल तेव्हा ग्रेफ्राथला जा. सोलिंगनमधलं तलवारी-चाकूंचं संग्रहालय तिथल्या जुन्या मठात आहे. लिएजही तुला रेल्वेनं दूर नाही. तिथे ग्रां कुर्तियस संग्रहालयात बंदुका आहेत. जवळ जाऊन रेषांचे शेवट बघ, वेलीची पानं नंतर. चांगल्या कारागिराची रेष जाड कुठे होते, बारीक कुठे होते आणि कशी संपते, हे पाहिलंस की तुझा हात कुठे कमी पडतो ते आपोआप कळेल.

कार्बाइडच्या दांड्या, 120 चा साचा आणि हिऱ्याची 1200 ची पट्टी पार्सलनं पाठवतो आहे. एक दांडी मी पाजळून ठेवली आहे. ती कामाला वापरू नकोस, तुझं टोक तिच्याशी भिंगाखाली ताडून बघायला ठेव. पातं कार्बन पोलादाचं आहे की स्टेनलेस, ते दुकानात विचारून कळव. कार्बनचं असेल तर प्रत्येक बैठकीनंतर रेषांतून तेलाचा बोळा फिरवायला हवा, कोरलेल्या खाचेत गंज पहिला धरतो. वसंतरावांनी चाकू आंबे कापायला काढला की धुऊन लगेच कोरडा करायला त्यांनाही सांगावं लागेल.

तुझा,
मामा