आधी डबे बघा

पगार झाला की यादी व्हायची, पण यादीच्या आधी डबे बघायचे. गिरणगावातल्या आमच्या चाळींमधला हा घरोघरचा शिरस्ता. आई पाटावर बसायची आणि आमच्यापैकी कुणीतरी स्टुलावर चढून फळीवरचा एकेक डबा हलवून सांगायचं. हरभऱ्याची डाळ? अर्धा डबा आहे. मूग? तळाला. शेंगदाणे? या प्रश्नाला उत्तर द्यायला सगळेच जरा वेळ घ्यायचे. डब्यात शिल्लक असेल ते यादीतून वजा, रेशनवर मिळणार ते वजा, गावाहून कुणी येणार असेल तर कोकम, कुळीथ, तांदूळ वजा. उरेल तेवढंच वाण्याकडून. ‘असू दे घरात’ म्हणून काही आणायचं नाही, कारण पावसाळा लागला की असू दिलेल्याला हटकून जाळी धरायची.

यादी जुन्या वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानावर, पेन्सिलीने. 1957 साली नवे पैसे आले, 1958 पासून हळूहळू किलोही आला, पण आमच्या आज्यांच्या तोंडून पावशेर, अदपाव आणि छटाक काही गेले नाहीत. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हे आम्ही शाळेत जायच्या आधी घरीच शिकलो. वाण्याकडे पाठवताना बजावून सांगितलेलं असायचं, “काटा स्थिर झाल्याशिवाय पिशवी पुढे करू नकोस.” आम्ही डोळे वटारून काट्याकडे बघत राहायचो. शेठ हसायचे आणि हातावर गुळाचा खडा ठेवायचे.

सामान पुड्यांतून यायचं. पुडा उलगडायचा, फाडायचा नाही. दोरा सोडवायचा, तोडायचा नाही. दोऱ्याची गुंडाळी खिडकीतल्या खिळ्याला, ती गजऱ्यांना, उशीच्या टाक्यांना, पतंगाच्या शेपटीलाही पुरायची. कागद सरळ करून गादीखाली जायचा, पण त्याआधी वाचून व्हायचा. किती गोष्टींची अर्धी प्रकरणं आम्ही अशी वाचली! उरलेलं प्रकरण बहुधा कुणाच्या तरी घरी जिऱ्याबरोबर गेलेलं असायचं. डालड्याच्या डब्यात तुळस, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात तांदूळ, फाटक्या गोणपाटाचं पायपुसणं.

मला मनापासून वाटतं, की खरी बचत दुकानात होत नव्हती, ती घरात सुपावर होत होती. रेशनचा तांदूळ आला की दुपारी चटई पसरली जायची. आधी पाखडायचं, मग निवडायचं, मग सूप तिरकं धरून घोळायचं. घोळताना कणी अलगद खाली उतरायची. ती वेगळ्या डब्यात. तिची सकाळची पेज, आजाऱ्याचा मऊ भात, कधी वाटून घावन. निवडलेले खडे फेकायचे आणि भाताचे दाणे चिमण्यांना गॅलरीत. एका तांदळाचे हे चार हिशेब आईची बोटं, बोलता बोलता, शेजारणीकडे बघत करायची. शेजारीण आपलं सूप घेऊनच गप्पांना आलेली असायची.

भाजीचंही तेच. दोडक्याच्या शिरा काढल्या की त्या बारीक चिरून, तव्यावर थोड्याशा तेलात खरपूस होईस्तोवर परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. ही चटणी भाजीच्या आधी संपायची. कोथिंबिरीची देठं वाटणात, फणसाच्या आठळ्या धुऊन वाळवून ठेवायच्या आणि पावसाळ्यात आमटीत टाकायच्या, नारळाची शेंडी भांडी घासायला. सायीचं विरजण, विरजणाचं लोणी आणि ताक, लोण्याचं तूप, आणि तूप गाळल्यावर पातेल्याच्या बुडाशी राहायची ती बेरी. बेरीत साखर घालून पातेलं कुणी चाटायचं, याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. पाळी चुकवणाऱ्याची तक्रार आजीपर्यंत जायची आणि आजी निकाल द्यायची तो अंतिम.

उन्हाळ्यात बेगमी. गव्हाला ऊन दाखवायचं, एरंडेल चोळायचं, कडुनिंबाचा पाला घालून डबे बंद करायचे. चिंच मिठात. लालबागच्या मिरचीगल्लीतून बेडगी आणि संकेश्वरी घासाघीस करून आणायची, निवडून वाळवायची आणि डंकावर कुटायला न्यायची. तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे घातले, फडकं बांधलं, की वर्षाची चिंता मिटली.

पण एकट्या घराची काटकसर कुठवर पुरणार? 1972 च्या दुष्काळात दुकानांतून तेल, साखर दिसेनाशी झाली. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, तिची भाकरी थापताना बायका रडकुंडीला यायच्या. तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागून थाळ्या-लाटणी घेऊन मुंबईच्या बायका रस्त्यावर उतरल्या. आमच्या चाळीतल्या, एरवी नाक्यापर्यंत एकट्या न जाणाऱ्या बायकाही गेल्या. स्वयंपाकघराचा हिशेब सरकारला विचारता येतो, हे त्यांना तिथे कळलं, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

एकत्र खरेदीचं शहाणपणही तेव्हाचंच. नायगावात कामगारवस्तीतल्या सहकारी दुकानातून 1948 साली सुरुवात झालेला अपना बाजार होताच. 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. दादर-गिरगावच्या नातेवाइकांकडे आम्ही तिचं वाटप पाहिलं. शेजारच्या घरांनी मिळून मागणी नोंदवायची, सगळ्यांचं सामान एका घरी उतरायचं, आणि मग खोलीभर पिशव्या मांडून काकू-मावश्यांनी आपापल्या हाताने वजन करून वाटून घ्यायचं. डाळ कशी निघाली, साबण कोणता बरा, याची चर्चा वाटपाहून लांबायची.

आणि वाणी. उधारी महाग पडते, रोखीनेच आणावं, असं आमच्या आया कायम म्हणायच्या आणि ते बरोबरच होतं. पण 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला तेव्हा गिरणगावातल्या किती वाण्यांनी वही बंद केली नाही! “मांडून ठेवा, शेठ,” एवढ्यावर महिनेच्या महिने पीठ-मीठ मिळालं. बायका मुद्दाम कमीच मागायच्या, शेरभराच्या जागी पावशेर. काहींनी खानावळी चालवून, पापड लाटून ती वही पुढे कित्येक वर्षांनी फेडली. संपातल्या त्या दिवाळीला आमच्या मजल्यावर चार घरांनी मिळून तेलाचा एकच डबा आणला आणि रॉकेल वाचावं म्हणून चकल्या एकाच स्टोव्हवर तळल्या. वाटताना ज्या घरात पोरं जास्त, तिकडे मूठभर जास्त गेल्या, आणि हा हिशेब चारही घरांना मान्य होता.