रुमालाचा नंबर

मुरगूडच्या एका घरात माळ्यावरच्या पेटीत मोडीतला एक कागद होता. जमिनीची सनद, असा थोरल्यांचा ठाम समज. म्हणून दसऱ्याला त्याला हळदकुंकूही लागायचे. प्रस्तुत लेखक याच घरातला. न राहवून तो कागद घेऊन कोल्हापूरच्या एका वयोवृद्ध अभ्यासकांकडे गेला.

त्यांनी भिंग लावले आणि हसले. "सनद कसली हो, ही जोंधळ्याची उसनवारी!"

मग तारीख. 'खमस तिसैन मया व अलफ' म्हणजे पाच, नव्वद, शंभर, हजार : 1195. हा सुहूर सन. त्यात 599 मिळवले की इ. स. 1794, जानेवारी ते मृगादरम्यानचा कागद असेल तर 600 मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होते. फी विचारल्यावर त्यांनी चहा मागवला, तोही स्वतःच्याच खर्चाने.

खरी देणगी पुढे होती. वेदगंगाकाठच्या गावांचे कागद दफ्तरखान्यात कुठल्या रुमालात आहेत, ते नंबर त्यांनी आपल्या वहीतून उतरवून दिले. जुने कागद कापडात बांधून ठेवतात, तो रुमाल. यादीत त्यापुढे पुष्कळदा नुसते 'किरकोळ' असते, आत काय आहे ते गाठ सोडल्याशिवाय कळत नाही. धूळ खात जमवलेले असे नंबर म्हणजे अभ्यासकाची कमाई. ती अनोळखी माणसाला कोण देतो?

देणारे होते, म्हणून तर मराठ्यांचा इतिहास उभा राहिला. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे 22 खंडांपर्यंत अस्सल पत्रे जगापुढे ठेवली. त्यांवर इतरांनी ग्रंथ लिहिले. मिरजेत शाळामास्तर असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तर छापायला घेतले. पगार मास्तराचा आणि काम संस्थेचे! रियासतकार सरदेसायांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत पेशवे दफ्तरातले निवडक कागद 45 खंडांत आणले, तेव्हा त्यांच्या पाठीशी बंगालचे जदुनाथ सरकार होते. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित केली. आज एखादा विद्यार्थी ती ग्रंथालयात बसून बाळबोधीत वाचतो, तेव्हा मोडी उलगडणाऱ्यांचे कष्ट त्याला आयते मिळालेले असतात.

मुरगूडकराला त्या नंबराच्या रुमालात सनद सापडली नाही. सापडला तो आंब्याच्या एका झाडावरून जुंपलेला भावकीचा तंटा : साक्षी, शपथा, कोणी फांदी तोडली त्याचा तपशील. निकालाचे पान मात्र गहाळ. अभ्यासकांना सांगताच ते म्हणाले, "निपाणीकडच्या आमच्या एका स्नेह्यांनी दफ्तरखान्यातल्या बऱ्याच कागदांच्या नकला केल्यात. माझं नाव सांगा," आणि स्नेह्यांचा फोन नंबर रुमालांचे नंबर दिलेल्या त्याच कागदाच्या पाठीवर लिहून दिला.