साठ की आठ?

जून 2020 मध्ये शाळा भरली ती घरातल्या घरात. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. मोबाइलवरचा वर्ग संपला, की पुढचा अभ्यास माझी आई घेई. तिची उभी हयात प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली होती. मी रुग्ण तपासून येत असल्याने घरीही मास्क लावून, तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहूनच बोलत असे. ती नुसती मान हलवी, कधी भलतेच उत्तर देई. वयोमानाने विस्मरण सुरू झाले, असे मी मनोमन ठरवून टाकले होते.

एके संध्याकाळी मुलगी कुरकुरली, "बाबा, मी पाठमोरी बसून 'सहा दाहे साठ' म्हटलं, तर आजी म्हणते, 'आठ नव्हे, साठ!' समोर बसले की बरोबर ऐकते."

मी चपापलो. उतारवयात श्रवणशक्ती उणावते, तेव्हा 'स'सारखे उंच पट्टीतले ध्वनी आधी हरवतात. आई ओठांवरून शब्द ओळखत होती आणि मी नेमके ओठच झाकले होते. "मला वाटलं, तूच हल्ली पुटपुटतोस," ती म्हणाली. पुढे श्रवणचाचणी झाली, यंत्र आले. निदान मात्र मुलीचे होते.

म्हणून सांगतो, घरातील वडीलधाऱ्यांना विसराळू ठरवण्यापूर्वी त्यांचे कान तपासून घ्या. कधी नुसता मळही साचलेला असतो. तोवर उजेडात, समोर बसून, सावकाश बोला. ओरडू नका.